‘चिनी भाषा’ आणि चतुष्टय : व्हिएन्नातील १८२५-२६ च्या मैफलींचा एक विचार

कलाकृती समजली नाही असे म्हणणे आणि कलाकृतीला अर्थ नाही असे म्हणणे, ही दोन विधाने व्यवहारात एकमेकांच्या जागी सहज वापरली जातात. पहिले विधान श्रोत्याविषयी आहे, दुसरे कृतीविषयी. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद परिचित असतो. अपरिचित भाषा कानांवर पडली म्हणजे ती निरर्थक ध्वनींची मालिका आहे, असे तो मानीत नाही. समीक्षेत मात्र हा विवेक नेहमी पाळला जातो असे दिसत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यास व्हिएन्ना शहरातील एका जुन्या मैफलींच्या मालिकेचा इतिहास फार उपयुक्त आहे. १८२५ चा मार्च ते १८२६ चा मार्च या अवघ्या एका वर्षात बीथोव्हनची तीन नवी चतुष्टये त्या शहरात प्रथम वाजविली गेली. एक प्रथम फसले आणि मग उभे राहिले. दुसरे आदराने ऐकले गेले. तिसऱ्याचा अखेरचा खंड मूळ कृतीपासून तोडला गेला. कृती एकाच रचनाकाराच्या, वादक बहुतांशी तेच, श्रोतृवर्गही साधारण तोच. मग निकालांत एवढे अंतर का पडले?

चतुष्टय म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठी केलेली रचना. पाश्चात्त्य परिभाषेत स्ट्रिंग क्वार्टेट. ज्या संगीतप्रकारात ती मोडते त्याला चेंबर म्युझिक, म्हणजे दालनातील संगीत, असे नाव आहे. आपल्याकडे ‘बैठकीचे गाणे’ हा शब्दप्रयोग जसा बसण्याच्या रीतीवरून पडला, तसे तिकडचे नाव वास्तूवरून पडले. दोन्ही नावांत एक गोष्ट समान गृहीत धरलेली आहे : ऐकणारे थोडे असतील, जवळ असतील आणि जाणते असतील. हे गृहीतक जेव्हा ढळते तेव्हा काय होते, हेही या इतिहासात दिसते.

(१) मालिका आणि वादक

इग्नात्स शुपान्त्सिग (१७७६-१८३०) हा या मालिकेचा चालक व पहिला व्हायोलिनवादक. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो प्रिन्स लिख्नोव्स्कीच्या घरी शुक्रवारी सकाळी होणाऱ्या मैफलींत वाजवीत असे. १८०४-०५ च्या हिवाळ्यात त्याने वर्गणीदारांसाठी चतुष्टयांच्या जाहीर मैफली सुरू केल्या. सरदारांच्या दिवाणखान्यातील हा प्रकार वर्गणी भरणाऱ्या कोणासही खुला करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची गणना होते. पुढे काउंट राझुमोव्स्कीने त्याला आपल्या पदरी ठेवले. १८१४ च्या अखेरीस त्या उमरावाचा प्रासाद जळाला आणि तो आश्रय क्षीण झाला. शुपान्त्सिग रशियास गेला व १८२३ साली परतला. त्यानंतर त्याने मालिका पुन्हा उभी केली. दुसऱ्या व्हायोलिनवर कार्ल हॉल्त्स, व्हायोलावर फ्रान्त्स वाइस आणि चेलोवर योझेफ लिंके असे त्याचे सहकारी होते. हॉल्त्स हा तरुण, पेशाने एका सरकारी दप्तरातील कर्मचारी; वाइस आणि लिंके राझुमोव्स्कीच्या काळापासूनचे मुरलेले साथीदार.

या मैफलींत हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हन यांच्या रचना वारंवार होत. आज ज्याला अभिजात परंपरा म्हणतात तिची घडण अशा वारंवारतेतूनच झाली. परंतु मालिका केवळ जुन्यावर जगली नाही. १४ मार्च १८२४ रोजी शूबर्टचे ‘ए मायनर’ स्वरातील चतुष्टय येथेच प्रथम जाहीरपणे वाजले. शूबर्टने ते शुपान्त्सिगलाच अर्पण केले आहे. एका ऐन उमेदीतील रचनाकाराला आणि एका पूर्ण बहिरेपणाच्या उंबरठ्यावरील वृद्धप्राय रचनाकाराला एकाच व्यासपीठावर स्थान देणारी मालिका, एवढ्यानेही स्मरणीय ठरली असती.

शुपान्त्सिगच्या वादनाविषयी जे सांगितले जाते त्यावरून त्याचा गज जोरकस व लयीची पकड पक्की होती असे दिसते. १८२५ मध्ये त्याने पन्नाशी गाठत आणली होती, देह फार स्थूल झाला होता. बीथोव्हन त्याला शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफचे नाव देऊन चिडवीत असे. उंच सप्तकात त्याचे स्वर पूर्वीइतके निर्दोष राहिले नव्हते, अशी तक्रारही नोंदलेली आहे. तथापि, दोघांचा स्नेह तीस वर्षांचा होता, आणि बीथोव्हनच्या चतुष्टयांची वादनपरंपरा ज्याच्या हातांत घडली असा दुसरा वादक तेव्हा नव्हता.

(२) मार्च १८२५ : एक संहिता, दोन उच्चार

१८२२ च्या नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्गहून प्रिन्स गॅलित्सिन या चेलोवादक उमरावाने बीथोव्हनला पत्र लिहून एक, दोन किंवा तीन चतुष्टये मागितली. नववी सिंफनी पुरी होईपर्यंत (ती ७ मे १८२४ रोजी प्रथम वाजली) हे काम मागे राहिले. पहिले चतुष्टय, कृतिक्रमांक १२७, १८२५ च्या आरंभी सिद्ध झाले आणि ६ मार्च १८२५ हा प्रथमवादनाचा दिवस ठरला. सरावास वेळ सुमारे दोन आठवड्यांचा. बीथोव्हनने चौघांकडे एक विनोदी करारपत्र पाठविले : प्रत्येकाने आपल्या अब्रूची शपथ घेऊन उत्तम वाजवावे व इतरांशी चढाओढ करावी. चौघांनीही त्यावर सह्या केल्या.

शपथेचा उपयोग झाला नाही. वादन विस्कळीत झाले, शुपान्त्सिगच्या व्हायोलिनची तारही तुटली आणि श्रोते गोंधळून परतले. रचनाकाराने मग ते काम योझेफ ब्योम या तीस वर्षांच्या वादकाकडे सोपविले. तो तेथील संगीतविद्यालयात अध्यापक होता. बाकीचे तिघे तेच राहिले. ब्योमने कसून तालमी घेतल्या, आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात जाणकारांच्या एका मेळाव्यापुढे हे चतुष्टय एकाच संध्याकाळी दोनदा वाजविले. रचनेवरचे धुके विरले आणि तिचे तेज प्रकटले, अशा आशयाचा अभिप्राय तेव्हा छापून आला.

चारांपैकी एक वादक बदलला, सराव वाढला आणि ऐकणे दुप्पट झाले. या तीन कारणांपैकी यशाचे श्रेय कोणाचे? चरित्रकारांचा कल पहिल्या दोहोंकडे असतो. तिसऱ्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. या चतुष्टयाच्या आरंभीच मोठ्या, संथ स्वरसमूहांचा सहा बारांचा एक उद्गार आहे. त्यानंतर लगेच वेगळ्या तालात मुख्य खंड सुरू होतो. प्रथम ऐकणाऱ्याला तो उद्गार प्रस्तावना वाटतो. तो पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वरभूमीवर पुन्हा येतो तेव्हाच कळते की ही प्रस्तावना नव्हती, हे वाक्याचे एक अंग होते. म्हणजे आरंभाचा अर्थ उत्तरार्धात ठरतो. असे वाक्य एकदाच ऐकून समजावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. श्रोत्यांपुढे छापील संहिताही नव्हती. ती १८२६ मध्ये प्रसिद्ध झाली. खुद्द वादकांपुढेही प्रत्येकी केवळ आपापला भाग होता. संपूर्ण कृती त्या दालनात कोणाच्याच हातांत नव्हती. ती फक्त चौघांच्या एकत्र उच्चारात अस्तित्वात येत होती.

ब्योमच्या तालमींची एक आठवण याच संदर्भात महत्त्वाची आहे. बीथोव्हन तालमींस हजर असे. त्याला ऐकू येत नव्हते. तो गजांच्या हालचालींकडे टक लावून बसे आणि लयीतला लहानसा चढउतारही डोळ्यांनी टिपून दुरुस्त करी. अखेरच्या खंडाच्या शेवटी ‘कमी वेगाने’ अशी सूचना होती. वेग उतरविल्याने परिणाम शिथिल होतो असे ब्योमला वाटले, म्हणून त्याने सहकाऱ्यांना तो कायम ठेवण्यास सांगितले. बीथोव्हन कोपऱ्यात बसून पाहत होता. वादन संपल्यावर त्याने असेच राहू द्यावे अशा अर्थाचे चार शब्द उच्चारले आणि उठून चारही प्रतींतील ती सूचना खोडली.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त ध्वनीचे प्राकृत आणि वैकृत असे दोन प्रकार मानले आहेत. शब्द द्रुत उच्चारला, मध्यम उच्चारला की विलंबित, हा वृत्तिभेद वैकृत ध्वनीचा. त्याने स्फोट भिन्न होत नाही. भाषेपुरते हे बरोबर आहे : ‘घट’ हा शब्द सावकाश म्हटल्याने त्याचा पट होत नाही. संगीतात मात्र ही सीमारेषा जशीच्या तशी टिकत नाही. ब्योमने जे बदलले तो निव्वळ वृत्तिभेद होता, आणि रचनाकाराने तो संहितेत सामावून घेतला. वेग येथे अर्थाचा घटक ठरला. जे उच्चाराचे म्हणून बाजूला ठेवावे तेच कृतीचे अंग निघाले. म्हणून ६ मार्चच्या श्रोत्यांनी ‘कृती’ ऐकली आणि नाकारली, असे म्हणणे शिथिल आहे. त्यांनी ती कृती पुरतेपणी ऐकलीच नव्हती.

(३) नोव्हेंबर १८२५ : समान स्वर, भिन्न व्याकरण

१८२५ च्या एप्रिलात बीथोव्हन गंभीर आजारी पडला. त्यातून उठल्यावर त्याने कृतिक्रमांक १३२ पुरा केला. सप्टेंबरात व्हिएन्नातील एका खाणावळीत निवडक मंडळींपुढे तो वाजला आणि ६ नोव्हेंबर १८२५ रोजी लिंकेच्या मैफलीत जाहीरपणे. याच्या तिसऱ्या खंडाला रचनाकाराने शब्दांत शीर्षक दिले आहे : आजारातून बऱ्या झालेल्या माणसाने ईश्वराला वाहिलेले, लीडियन स्वरपद्धतीतील कृतज्ञतेचे गीत. तीन वेळा येणाऱ्या या संथ स्तोत्राच्या मध्ये दोनदा ‘नवी शक्ती’ अनुभवणारा वेगळ्या तालाचा भाग येतो.

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट चटकन जाणवेल. लीडियन पद्धतीचे सात स्वर म्हणजे भातखंड्यांच्या वर्गीकरणातील कल्याण थाटाचे स्वर. बाकी सर्व शुद्ध, मध्यम तेवढा तीव्र. तेव्हा हा बीथोव्हनचा यमन आहे असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह आवरलेला बरा. दोन भाषांतील वर्णसंख्या सारखी निघाली म्हणून त्या भाषा एक होत नाहीत. यमनमध्ये तानपुऱ्यावर षड्ज अखंड वाजत असतो. तीव्र मध्यम कितीही रेंगाळला तरी घर कोणते याविषयी कानाला शंका येत नाही. आरोहात षड्ज आणि पंचम टाळण्याची यमनमधील रीतही त्या स्थिर षड्जाच्या विश्वासावरच उभी आहे. बीथोव्हनच्या स्तोत्रात असा आधारस्वर नाही. चार वाद्ये एकेका स्वरसमूहाने पुढे सरकतात, आणि तीव्र मध्यमामुळे कान पुन्हा पुन्हा पंचमालाच षड्ज समजू लागतो. यमनमध्ये जो स्वर घराचे दार दाखवितो तोच येथे घराविषयी संदेह निर्माण करतो. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या पावलांतील अनिश्चितता या संदेहात आहे, असे मानावयास जागा आहे.

हे चतुष्टय व्हिएन्नात सन्मानाने ऐकले गेले. त्याचे एक कारण शीर्षक हे होय. श्रोत्याला अर्थाकडे जाणारी वाट शब्दांनी दाखविली होती. अपरिचित व्याकरणाला परिचित भाषेतील एक टीप मिळाली होती. पुढच्या कृतीला ही सवलत नव्हती.

(४) मार्च १८२६ : चिनी भाषा

कृतिक्रमांक १३० हे सहा खंडांचे चतुष्टय २१ मार्च १८२६ रोजी शुपान्त्सिग आणि त्याच्या तिघा सहकाऱ्यांनी प्रथम वाजविले. दुसरा आणि चौथा खंड श्रोत्यांनी पुन्हा वाजवावयास लावला. दुसरा अगदी छोटा आणि द्रुत, चौथा जर्मन नृत्याच्या चालीचा. अखेरचा खंड म्हणजे ७४१ बारांचा एक प्रचंड फ्यूग. तो कोणी पुन्हा मागितला नाही. ज्यांना पुन्हा ऐकण्याची गरज सर्वांत कमी होती ते खंड दोनदा ऐकले गेले, आणि ज्याला ती सर्वांत अधिक होती तो एकदाच.

लाइपझिगच्या प्रतिष्ठित संगीतपत्रातील परीक्षणात या फ्यूगविषयी जे लिहिले गेले ते समीक्षेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. या खंडाचा अर्थ सांगण्याचे धाडस परीक्षकाने केले नाही. तो आपल्याला चिनी भाषेसारखा अगम्य वाटला, एवढेच त्याने नोंदविले. चौघांच्या स्वरांच्या गर्दीला त्याने बाबिलोनी गोंधळाची उपमा दिली. आपली रचना आपल्या कानांनी ऐकता आली असती तर रचनाकाराने कदाचित असे लिहिले नसते, असेही त्याने सुचविले. मात्र अखेरीस त्याने निर्णय राखून ठेवला : आज जे गढूळ वाटते ते कधी काळी स्वच्छ आणि सुंदरही वाटेल.

या अज्ञात परीक्षकाची पुढच्या पिढ्यांनी बरीच थट्टा केली. ती अन्यायाची आहे. त्याच्या दोन उपमा बारकाईने पाहिल्या तर त्या परस्परविरोधी आहेत. बाबिलोनी गोंधळात भाषा असूनही संवाद नसतो. चिनी ही मात्र अगणित लोकांची, समृद्ध वाङ्मयाची भाषा आहे. ती न कळणे ही ऐकणाऱ्याची मर्यादा. परीक्षकाने तिरस्काराने म्हणून जो शब्द वापरला असेल, त्यातच त्याने नकळत कृतीच्या बाजूने साक्ष दिली. आणि शेवटच्या वाक्यात त्याने ती साक्ष जाणूनबुजून पुरी केली.

बाबिलोनची उपमा कोठून आली हेही पाहण्यासारखे आहे. चतुष्टयाला चार सुज्ञ माणसांच्या संभाषणाची उपमा देण्याची त्या काळी रीत होती. १८२९ मधील एका पत्रात ग्योटेनेही तीच दिली आहे. हायडनच्या रचनांना ती शोभते. परंतु संभाषणाचा नियम पाळीपाळीने बोलण्याचा आहे. फ्यूगमध्ये एकच विषय चौघे एकामागून एक उचलतात आणि मग सर्वजण एकाच वेळी, कोणीही न थांबता, बोलत राहतात. संभाषणाच्या कसोटीवर हा गोंधळच ठरणार. दोष उपमेचा होता, तो कृतीच्या माथी बसला.

वस्तुतः ही कृती आपले व्याकरण आपणच शिकविते. आरंभीच्या सुमारे तीस बारांना रचनाकाराने ‘ओव्हर्तुरा’ असे नाव दिले आहे. त्यात मूळ स्वरवाक्य प्रथम चारही वाद्यांत ठासून येते, आणि नंतर लागोपाठ वेगळ्या लयीत, वेगळ्या वेगात, वेगळ्या जोरात. पुढील दीर्घ विभागांत याच रूपांचा विस्तार होतो : आधी उड्या घेणाऱ्या, सतत जोरकस स्वरांतील फ्यूग, मग मृदू, संथ विभाग, मग तिसऱ्या तालातील वेगवान विभाग. धातू आणि त्याची रूपे आधी कोष्टकात मांडावीत व मग त्यांची वाक्ये करावीत, तशी ही मांडणी आहे. अडचण एवढीच की, आपण कोष्टक वाचीत आहोत हे प्रथमच ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याला ते तुटक उद्गार वाटतात. दुसऱ्यांदा ऐकताना ते कोष्टक ठरते. ब्योमच्या श्रोत्यांना जी दुसरी संधी त्याच संध्याकाळी मिळाली, ती येथे मिळाली नाही.

परिणाम सर्वश्रुत आहे. प्रकाशक आर्तारियाच्या वतीने हॉल्त्सने बोलणी केली. फ्यूग स्वतंत्र छापावा आणि चतुष्टयास नवा शेवट लिहावा, असे ठरले. हट्टी म्हणून ख्यात असलेल्या बीथोव्हनने हे का मान्य केले याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १८२६ च्या शरदात त्याने नवा शेवट लिहिला. २६ मार्च १८२७ रोजी तो वारला. त्याच वर्षी फ्यूग १३३ या क्रमांकाने वेगळा प्रसिद्ध झाला. त्यानंतर कित्येक दशके तो मैफलींत क्वचितच वाजला. विसाव्या शतकात मात्र तो पुन्हा आपल्या मूळ जागी, चतुष्टयाच्या अखेरीस, वाजविला जाऊ लागला आणि आज दोन्ही प्रथा चालू आहेत.

(५) निष्कर्ष

बीथोव्हनच्या बहिरेपणामुळे १८१८ पासून त्याच्याशी बोलणारे आपले म्हणणे वहीत लिहीत आणि तो तोंडाने उत्तर देई. अशा शंभराहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत संभाषणाची एकच बाजू आहे. दुसरी वाचकाला संदर्भाने उभी करावी लागते. प्रत्येक लिखित संहितेची स्थिती थोडीफार अशीच असते, आणि वादक व श्रोता मिळून तिची दुसरी बाजू पुरी करतात. ही पूर्तता एका बैठकीत होईलच असे नाही.

शुपान्त्सिगच्या मालिकेचे खरे मोल येथे आहे. वर्गणीदार मंडळी पुन्हा पुन्हा त्याच दालनात येतात, त्याच वादकांना ऐकतात, जुन्या कृती वारंवार आणि नव्या कृती त्यांच्या शेजारी ऐकतात. या नियमितपणामुळे एखादे शहर एखादी भाषा शिकते. ब्योमने उभी केलेली वादनाची शिस्त त्याच्या अध्यापनातून त्याचा शिष्य योआकिम याच्यापर्यंत पोहोचली, आणि योआकिमने १८६९ पासून बर्लिनमधील आपल्या चतुष्टयमंडळींसह या उत्तरकालीन रचनांचा पुरस्कार केला. मालिकेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. जाहीर मैफलीत काय पुन्हा वाजावे हे टाळ्या ठरवितात, आणि टाळ्या बहुधा जे आधीच कळले आहे त्यालाच मिळतात. दालनातील जाणत्यांचे ऐकणे वर्गणीदारांच्या ऐकण्यात रूपांतरित झाले तेव्हा मोठा लाभ झाला; या एका कृतीने त्याची किंमत मोजली.

मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. १९४७ साली ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्यावर मर्ढेकरांवर दुर्बोधतेचा आरोप झाला आणि त्याची चर्चा बराच काळ चालली. त्या चर्चेतही ‘मला कळत नाही’ आणि ‘यात काही नाही’ ही दोन विधाने पुष्कळदा एकमेकांत मिसळली गेली. लाइपझिगच्या त्या परीक्षकाने निदान ती वेगळी ठेवली. आपल्याला न कळल्याची नोंद करावी, आपल्या उपमा तपासाव्यात आणि पुन्हा ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, एवढी शिस्त समीक्षकाने पाळली तर त्याचे मत पुढे चुकीचे ठरले तरी त्याचे काम वाया जात नाही. दुर्बोध ठरलेल्या कृतीचा पुन्हा ऐकले जाण्याचा अधिकार त्यामुळे शाबूत राहतो.